एकाचं रक्त तपासून फाइल बंद करू नका

मा. संपादक,

स.न.वि.वि.

बार्शी तालुक्यातल्या एका गावात मी सव्वीस वर्षं लेडीज टेलरिंगचं दुकान चालवते, सोबत शिवणक्लास घेते. वृत्तपत्राला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. हल्ली पेपरात आणि मोबाइलवर ‘जनुकीय कुंडली’च्या जाहिराती सारख्या दिसतात. घरबसल्या थुंकी पाठवा, पुढे कोणते आजार होणार ते सांगतो, असं त्यात असतं. क्लासच्या दोन मुलींनी मला विचारलं, “मावशी, करून बघू का?” त्यांना जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते आहे. आमच्या घरात जीनची, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या जनुकांची, तपासणी झालेली आहे. तिच्यामुळे आमची तीन माणसं वेळेत सावध झाली. एकजण तपासणीला आला नाही, तो आज नाही.

पत्र लांब झालंय याची कल्पना आहे. जागेसाठी कापायचं झालंच तर आमच्या घरचं कापा, शेवटचं मागणं कापू नका.

आमच्या घराण्यात पोटाचा रोग आहे हे मी परकर-पोलक्यात असल्यापासून ऐकत आले. आजोबांना शेवटी परसाकडेला रक्त पडायचं, एवढंच आजी सांगायची. वडील १९९१ साली गेले, वय चव्वेचाळीस. सोलापूरला पोट उघडलं, आत सगळं पसरलेलं बघून तसंच टाके घालून घरी पाठवलं. आत्या १९९८ मध्ये गेली, एकोणपन्नासाव्या वर्षी, गर्भपिशवीच्या कॅन्सरनं. गावाला कारण माहीत होतं. कुणी म्हणे विहिरीच्या वाटणीतून कुणीतरी करणी केलीय, कुणी म्हणे तुळजापूरचा नवस फेडायचा राहिलाय. आईनं दोन्हींवर उपाय केले. मी तिला नावं ठेवत नाही. पदरात दोन मुली आणि एक मुलगा, नवरा गेलेला. तिच्या हातात तेवढंच होतं.

मग दादा. २०१७च्या सुगीत त्याला खळ्यावर दम लागायला लागला. हिमोग्लोबिन सातवर आलेलं. लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट-खजूर झाले, इंजेक्शनं झाली. रक्त वाढायचं आणि पुन्हा उतरायचं. चाळिशी उलटलेल्या, रानात राबणाऱ्या माणसाचं रक्त जातंय कुठं, हा प्रश्न वर्षभर कुणाला पडला नाही. आम्हालाही पडला नाही. २०१८च्या उन्हाळ्यात एका डॉक्टरांनी दुर्बिणीतून मोठं आतडं बघायला लावलं. उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ निघाली. दादा तेव्हा सेहेचाळीस वर्षांचा होता. ऑपरेशन मुंबईला झालं.

तिथे वॉर्डात एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या आणि खाटेच्या कडेला बसून विचारायला लागल्या, घरात अजून कुणाला कॅन्सर झालाय का? दादा म्हणाला, कुणाला नाही. लाजेनं म्हणाला. मी मध्ये पडले आणि सगळं सांगितलं. त्यांनी कोरा कागद घेतला. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. पाच मिनिटांत आमचं सगळं घराणं त्या कागदावर आलं. आजोबा, वडील, आत्या, दादा यांचे चौकोन-गोल त्यांनी पेनानं काळे केले. त्या काळ्या खुणा एका ओळीत खाली उतरत आलेल्या मी पहिल्यांदा बघितल्या. आयुष्यभर जे कुजबुजत ऐकलं होतं, ते ए-फोर कागदावर समोर होतं.

त्यांनी बोटावर मोजून दाखवलं. आजाराची तीन माणसं, लागोपाठच्या दोन पिढ्या, आणि त्यातलं निदान एक पन्नाशीच्या आतलं. असं जुळलं की आनुवंशिक आजाराचा संशय घ्यायचा, हे डॉक्टरांनी १९९० साली आम्स्टरडॅममध्ये ठरवलंय. १९९९ मध्ये गर्भपिशवीचा कॅन्सरही त्या मोजणीत धरला गेला, म्हणून आमची आत्याही त्यात बसली. या आजाराला लिंच सिंड्रोम म्हणतात.

मी शिवणकाम करते हे कळल्यावर तिथल्या जेनेटिक कौन्सेलर, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल समजावून सांगणाऱ्या बाईंनी मला एक हकिगत सांगितली. ती मी विसरू शकत नाही. १८९५ साली अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात आल्ड्रेड वॉर्थिन नावाचे डॉक्टर होते. गावात पॉलीन ग्रॉस नावाची कपडे शिवणारी एक तरुण बाई होती. ती त्यांना म्हणाली, मी लवकर मरणार, आमच्या घरातले सगळे आतड्याच्या नाहीतर गर्भपिशवीच्या कॅन्सरनं जातात. दुसऱ्या कुणी तिला वेड्यात काढलं असतं. वॉर्थिननी तिच्या घराण्याची माहिती जमवायला घेतली, तीही नातेवाइकांची नावं, वयं, मृत्यूची कारणं गोळा करून देत राहिली. १९१३ मध्ये त्यांनी ते छापलं. ती पुढे गर्भपिशवीच्या कॅन्सरनंच गेली. त्यानंतर कित्येक वर्षांनी हेन्री लिंच या डॉक्टरांनी तेच घराणं पुन्हा शोधून काढलं, आणि २००० साली त्या घराण्यातला बिघडलेला जीन सापडला. त्याचं नाव एमएसएच-टू. आमच्या घरातही तोच जीन बिघडलेला आहे. ती बाई बरोबर बोलत होती हे जीन वाचून सिद्ध व्हायला एकशे पाच वर्षं लागली.

हा जीन करतो काय, ते मला माझ्या कामातूनच समजलं. शरीरातल्या पेशी सारख्या नव्या बनत असतात, आणि दरवेळी आतला तीन अब्ज अक्षरांचा जनुकीय मजकूर पुन्हा उतरवून घ्यावा लागतो. उतरवताना चुका होणारच. माझ्याकडे चार मुली शिवतात आणि एकजण मागून प्रत्येक शिवण तपासते. टाका चुकलेला दिसला की तेवढा भाग उसवून पुन्हा घालायला लावते. एमएसएच-टू आणि त्याचे तीन जोडीदार पेशीत हेच करतात. चुकीची जोडी शोधतात, तेवढा तुकडा कापून काढायला लावतात आणि नीट भरून घेतात. आणखी एक गोष्ट लगेच पटली. एकच अक्षर ओळीनं वीस-पंचवीस वेळा येतं अशा जागांवर उतरवताना सगळ्यात जास्त चुका होतात. घागऱ्याच्या एकसारख्या चुण्या मोजताना आमचंही तिथेच चुकतं. दादाच्या गाठीत अशा जागांची लांबी वेडीवाकडी झालेली होती, आणि या चार जीनपासून बनणाऱ्या चार प्रथिनांपैकी दोन दिसतच नव्हती. त्यावरून कुठला जीन बघायचा ते कळलं.

प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. आमच्यातल्या काहींकडे वडिलांकडची प्रत जन्मापासून बिघडलेली आहे. दुसरी चांगली असते तोवर काम चालतं. आयुष्यात कधीतरी आतड्यातल्या एखाद्या पेशीत तीही बिघडली, की त्या पेशीत उसवून शिवणारं कुणी राहत नाही. म्हणून हे विधिलिखित नाही, जोखीम आहे. पण जोखीम मोठी आहे. एमएसएच-टूमध्ये दोष असलेल्या शंभरातल्या चाळीस-पन्नास जणांना आयुष्यात आतड्याचा कॅन्सर होऊ शकतो, बायकांना गर्भपिशवीचाही जवळपास तितकाच. मूल झालं की त्याच्याकडे तो दोष जाण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो की मुलगी, आईकडून असो की बापाकडून.

दादाच्या रक्तातून एमएसएच-टूची प्रथिनासाठी लागणारी सगळी २,८०५ अक्षरं वाचली गेली. त्यात एके ठिकाणी अक्षर बदलल्यामुळे मजकुराच्या मध्येच ‘थांबा’ अशी खूण तयार झाली होती. पुढचं प्रथिन बनतच नव्हतं. त्या तपासणीला आम्हाला बावीस हजार रुपये लागले. बैलाच्या खांदेमळणीच्या दिवशी दादानं मला ते पैसे मोजून दिले आणि विचारलं, माझं ऑपरेशन तर झालंय, मग हे आता कशाला? मीही तेव्हा गप्प राहिले. उत्तर नंतर कळलं. ती तपासणी दादासाठी कमी आणि आमच्या सगळ्यांसाठी जास्त होती. एकदा घराण्याचा दोष नेमका कुठल्या अक्षरावर आहे हे कळलं, की नातेवाइकांचं सगळं वाचावं लागत नाही. तेवढी एकच जागा वाचायची. फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये शोधलेल्या जुन्या पद्धतीनं ते काम होतं. मला साडेतीन हजार लागले.

माझ्यात दोष निघाला. धाकट्या बहिणीत निघाला नाही. तिला रिपोर्ट सांगितला तेव्हा ती इतकी रडली की कौन्सेलर बाईंना वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. ‘नाही’ या उत्तराची किंमत लोकांना समजत नाही. तिची दोन्ही मुलं त्या क्षणी मोकळी झाली. त्यांना तपासणी नको, आमच्यासारखी दरवर्षी दुर्बीण नको, वडिलांच्या वयाला आल्यावर झोप उडणं नको. जगातल्या इतर माणसांइतकीच त्यांची जोखीम.

माझी पहिली कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, २०१९ च्या फेब्रुवारीत झाली. आदल्या दिवशी दोन लिटर औषध पिऊन पोट रिकामं करायचं, तेवढाच त्रास. आत दोन मस्से, म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूला वाढलेले कोंब, मिळाले, त्याच वेळी काढले. डॉक्टर म्हणाले, इतरांमध्ये मस्स्याचा कॅन्सर व्हायला दहा वर्षं लागतात, तुमच्या आजारात दोन-तीन वर्षांतही होतो, म्हणून वर्षा-दोन वर्षांनी यायचंच. त्याच वर्षी, दोन्ही मुलं मोठी झालेली असल्यामुळे, मी गर्भपिशवी आणि अंडाशय काढून घेतले. तो निर्णय सोपा नव्हता. पंचेचाळिसाव्या वर्षी एकदम पाळी गेली, अंगाची आग व्हायची, मशीनवर बसवत नसे. पण आत्याचे शेवटचे चार महिने मी बघितले होते. दादाला २०२३ मध्ये दुसऱ्या ठिकाणी वाटाण्याएवढी नवी गाठ सापडली. दरवर्षी बघत होतो म्हणून सापडली. आज तो पेरणीला स्वतः उभा असतो.

आता जे लिहायला जड जातंय ते. दवाखान्यातून निघताना आम्हाला एक पत्र मिळालं होतं, ‘नातेवाइकांना द्यायचं पत्र’. डॉक्टर आपणहून नातेवाइकांना फोन करू शकत नाहीत, ते पेशंटनंच सांगायचं असतं. दादा कुणाशी बोलायला तयार नव्हता, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. २०१९ च्या दिवाळीत मी परंडा तालुक्यात थोरल्या काकांकडे गेले. चुलतभाऊ तेव्हा पस्तिशीचा. पत्र वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, “घरात लग्नाची पोरगी हाय, दोन नाती हायत, असलं काय बोलू नगंस. बाहेर कळलं तर कोण करून घील?” चुलतभाऊ हसून म्हणाला, “ताई, मला काय झालंय? घोड्यागत हाय मी.” भाऊबीजेचा दिवस होता. मी ओवाळून, पत्र देव्हाऱ्याशेजारी ठेवून आले.

२०२१ मध्ये त्याला रक्त पडायला लागलं. करोनाचे दिवस, दवाखान्यात जायला सगळेच घाबरायचे. मूळव्याधीचं औषध चालू झालं. आम्हाला कळलं तोवर यकृतात पसरलं होतं. २०२२ च्या श्रावणात तो गेला, अडतिसाव्या वर्षी. दोन मुली, एक नऊ वर्षांची, एक सहा. दिवस घातल्यानंतर काका आपणहून माझ्यासोबत आले आणि रक्त दिलं. त्यांच्यात दोष निघाला. काका आज ऐंशीच्या पुढचे आहेत, कॅन्सर कधीच झाला नाही. रिपोर्ट ऐकून एवढंच म्हणाले, “मग मला कशाला ठिवलं?” याला उत्तर नव्हतं. चुलतबहीण त्यानंतर तपासायला तयार झाली. तिच्यातही दोष आहे, आणि पहिल्याच दुर्बिणीत मोठा मस्सा निघाला, तो काढला.

फिनलंडमध्ये या आजाराच्या घराण्यांची १९८२ पासून राष्ट्रीय नोंदणी आहे. तिथल्या बावीस घराण्यांतल्या २५२ माणसांवर पंधरा वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००० साली छापून आला. ज्यांनी दर तीन वर्षांनी कोलोनोस्कोपी करून घेतली, त्यांच्यात आतड्याचा कॅन्सर ६२ टक्क्यांनी कमी झाला. त्यांच्यातलं एकही माणूस त्या कॅन्सरनं गेलं नाही. ज्यांनी करून घेतली नाही, त्यांच्यातले नऊ गेले. हे आकडे मला पाठ आहेत. चुलतभावाच्या घरी पुन्हा एकदा जायला हवं होतं, ही बोच माझ्या मनातून जात नाही. पण शिवणक्लास चालवणाऱ्या बाईनं भाऊबीजेला सांगितलेलं आणि सरकारी दवाखान्याच्या माणसानं घरी येऊन सांगितलेलं, यात फरक पडला असता असंही मला वाटतं.

लग्नाचा प्रश्न काकूंनी उगाच काढला नव्हता, म्हणून त्यावरही लिहिते. हे लिहायला माझ्या मुलाची आणि दादाच्या मुलीची परवानगी आहे. आमच्या आईची फार इच्छा होती की दादाची मुलगी माझ्या घरी सून म्हणून यावी. आपल्याकडे मामाची मुलगी करतात, त्यात नवल नाही. मोठ्यांची बोलणी होत आली होती. तेवढ्यात दोघांनी रक्त तपासलं आणि दोघांमध्येही दोष निघाला. कौन्सेलर बाईंनी समजावलं: आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेलीच प्रत मुलाकडे आली, तर त्या मुलाकडे चांगली प्रत एकही राहत नाही. अशा मुलांना लहानपणीच मेंदूची गाठ किंवा रक्ताचा कॅन्सर होतो, आणि तसं होण्याची शक्यता प्रत्येक बाळंतपणात चारात एक. आईला हे मी संध्याकाळी तुळशीपाशी बसून सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बरं झालं आधी कळलं.” दादाच्या मुलीचं गेल्या वर्षी लग्न झालं. मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना आम्ही बघण्याच्या कार्यक्रमानंतर लगेच सगळं सांगितलं. मुलानं दोन प्रश्न विचारले, दोन्ही शहाणे होते, आणि होकार दिला. तिच्या मुलांना निम्मी शक्यता राहणारच, पण ती काय करायचं हे जाणून आहे. पंचविशीपासून तिची दुर्बिणीची तपासणी चालू आहे. जिथे नात्यात लग्नं होतात आणि घरात असा आजार आहे, तिथे ही माहिती मुहूर्ताच्या आधी हवी.

जाहिरातींबद्दल आता थोडक्यात. घरपोच येणाऱ्या बऱ्याच तपासण्या सगळा जीन वाचत नाहीत, आधीच ठरवलेल्या काही जागाच बघतात. आमच्या घराण्याचा दोष त्या जागांमध्ये नसेल, तर ‘तुम्हाला धोका नाही’ असा रिपोर्ट आला असता आणि आम्ही निर्धास्त राहिलो असतो. मधुमेह, रक्तदाब यांत शेकडो जीनचा थोडाथोडा हात असतो, आणि खाणंपिणं, कष्ट, झोप यांचाही मोठा. त्यातले टक्के ऐकून कुणी घाबरू नये. क्लासच्या मुलींना मी सांगितलं की आधी घरी जाऊन आजीला विचारा, कोण कशानं गेलं, कितव्या वर्षी गेलं, आणि कागदावर मांडा. त्यात काही दिसलं तर थुंकीचं पाकीट मागवू नका, डॉक्टरांकडे तो कागद घेऊन जा.

कौन्सेलर बाईंच्या खोलीबाहेर मला लातूरकडची एक बाई भेटली होती. तिच्या रिपोर्टात बदल सापडला, पण ‘याचा अर्थ आज निश्चित सांगता येत नाही’ असं लिहिलं होतं. ती मला विचारत होती, म्हणजे आहे की नाही? असे रिपोर्ट आपल्या लोकांना जास्त येतात, कारण तुलनेसाठी जी माहिती जगात साठली ती मुख्यतः युरोपी वंशाच्या लोकांची. आपल्या सरकारनं २०२० मध्ये जीनोम इंडिया प्रकल्प सुरू केला, वीस संस्थांनी मिळून देशभरातल्या दहा हजार लोकांचे जीनोम, म्हणजे सगळा जनुकीय मजकूर, वाचले, आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली केली. याचा मला अभिमान आहे. निरोगी माणसांमध्ये कुठले बदल सर्रास असतात हे त्यामुळे कळेल, आणि लातूरच्या त्या बाईला कधीतरी सरळ उत्तर मिळेल. पण तिला ते कळवणार कोण, ही सोयही व्हायला हवी.

विम्याचं वेगळंच दुखणं आहे. माझा मुलगा चाकणला नोकरीला आहे, तब्येतीनं ठणठणीत. आरोग्य विमा काढताना त्यानं फॉर्मवर रिपोर्टची गोष्ट खरी लिहिली. अर्ज नाकारला गेला. एजंट म्हणाला, “लिहायचंच नव्हतं.” दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हृदयाच्या आनुवंशिक आजाराच्या एका खटल्यात, ‘जनुकीय आजार’ असा सरसकट शब्द घालून विमा नाकारणं भेदभावाचं आहे असा निकाल दिला होता. अमेरिकेत २००८ पासून कायदा आहे की जीनच्या रिपोर्टवरून आरोग्य विमा किंवा नोकरी नाकारायची नाही. आपल्याकडे एचआयव्ही झालेल्या माणसाशी भेदभाव करू नये म्हणून २०१७ चा कायदा आहे, त्यात विम्याचंही नाव आहे. जीनच्या रिपोर्टसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. तो नसेल तर लोक एकतर खोटं लिहितील, नाहीतर तपासणीच करणार नाहीत. दुसरं जास्त धोक्याचं आहे.

आता माझं मागणं.

आमच्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण कॅन्सर नोंदणी आहे. ग्रामीण भागासाठी देशात सुरू झालेली ती पहिली. बार्शी, परंडा, भूम तालुक्यांतला कॅन्सर झालेला प्रत्येक माणूस तिथे मोजला जातो. माणसं मोजायची सवय आपल्याला इतकी जुनी आहे, तर आता घराणीही नोंदवावीत. पन्नाशीच्या आत आतड्याचा किंवा गर्भपिशवीचा कॅन्सर झालेला माणूस आला, की त्याच्या गाठीची ती चार प्रथिनांची तपासणी सरकारी खर्चानं व्हावी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन आणि केमो होतात, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. त्याच योजनेत त्या पेशंटच्या जीनची तपासणी आणि त्याच्या रक्ताच्या नातेवाइकांची एका जागेची तपासणी बसवावी. आमच्या घरातल्या अकरा जणांच्या तपासणीचा सगळा खर्च साठ हजारांच्या आत झाला. चुलतभावाच्या शेवटच्या वर्षात सहा लाख गेले आणि दीड एकर रान गेलं. दोष निघालेल्यांची दरवर्षीची कोलोनोस्कोपीही त्यातच यावी. साठ-सत्तर किलोमीटर जाऊन सात हजार भरणं दरवर्षी जमत नाही, मग एक वर्ष सुटतं.

आणि प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात निदान एक जेनेटिक कौन्सेलर नेमावा, मराठीत बोलणारा, ज्याला पेशंटच्या संमतीनं नातेवाइकांपर्यंत जायचं काम लेखी दिलेलं असेल. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी सरकारनं २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम काढली, सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं, कार्डं दिली. आनुवंशिक आजारासाठी लोकांच्या दारात जाता येतं, हे त्यातून दिसलंच आहे. आमच्या आजाराची घराणी विखुरलेली आहेत, पण पहिलं माणूस दवाखान्यात आपल्या पायांनी येतं. तिथून पुढे फक्त कागदावरच्या गोल-चौकोनांच्या मागे जायचं आहे.

माझं स्वतःचं नाव छापायला माझी हरकत नव्हती. पण माझं नाव छापलं की दादाचं कळतं, काकांचं कळतं, आणि त्या दोन लहान मुलींचंही कळतं. त्या अठरा वर्षांच्या होईपर्यंत त्यांचं रक्त तपासायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. मोठ्या झाल्यावर त्या स्वतः ठरवतील. म्हणून नाव देत नाही, पत्ता आपल्याकडे वेगळा पाठवला आहे.

आत्याचा थोरला मुलगा सुरतेला असतो, अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. सहा वर्षं माझा फोन घेत नव्हता. गेल्या आठवड्यात त्याच्या बायकोचा फोन आला. पुढच्या सोमवारी दोघं येतायत, रक्त द्यायला मी त्यांना घेऊन जाणार आहे.

आपली,
एक वाचक
(ता. बार्शी, जि. सोलापूर)